देओलिंदाचं बारा-आठ

परक्यानं फसवलं तर माणूस चार शिव्या घालतं आणि आपल्या कामाला लागतं. माझा केसानं गळा कापला तो माझ्या कोमाद्रेनं, माझ्या लेकीच्या मानलेल्या आईनं. तिला शिव्या द्यायच्या म्हटलं तर समोर तिनंच सकाळी आणून ठेवलेली गरम चिपा, चीजची छोटी भाकरी, असायची. चिपा ठेवणारीला शिव्या कशा देणार?

मी एलादिया. पॅराग्वेत असुन्सिओनला बसथांब्यासमोर आंब्याच्या झाडाखाली एकतीस वर्षं पाला विकते. औषधाचा पाला, मुळ्या, साली. लोक बगलेत तेरेरेचा, आमच्या थंड चहाचा, थर्मास धरून येतात, काय होतंय ते सांगतात, मी उखळात दोन-तीन जुड्या कुटते आणि त्यांच्या बर्फाच्या पाण्यात टाकते. पित्त, मूतखडा, झोप, सासूचा जाच, सगळ्यावर माझ्याकडे काहीतरी निघतंच. प्रेशरसाठी तर माझं नाव आहे. मनगट धरायचं, डोळे मिटायचे, जरा वेळ मान हलवायची, मग कुटायला घ्यायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा मनगट धरायचं आणि म्हणायचं, "उतरलंय बघ, काळजी करू नकोस."

जागा आईची, उखळही आईचं. त्याच उखळावर आई ऑगस्ट महिन्यात कोसळली. मुसळ हातातच राहिलं. डोक्यातली शीर फुटली, वय वर्षं छप्पन्न. आमच्याकडे ऑगस्ट वाईटच. चारा संपलेला, गुरं हाडकलेली, आणि म्हातारीकोतारी माणसं हा महिना बघूनच जातात. ऑगस्ट निघाला तर वर्ष निघालं असं म्हणतात. मला मार्चमध्ये छप्पन्न पूर्ण झाली आणि त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही शिरेना. हा ऑगस्ट मला गाठणार. आईला गाठलं तसंच, ह्याच उखळावर.

एप्रिलमध्ये एका सोमवारी कुटता कुटता छातीवर कुणी पाय दिल्यासारखं झालं. हात बधिर, तोंड कोरडं, घशातून श्वास आत जाईना. समोर एवारिस्तो उभा होता, एकोणीस नंबरच्या बसचा ड्रायव्हर, रोजचं गिऱ्हाईक. तो म्हणाला, "मावशी, ऑगस्टला वेळ आहे अजून." त्याला चेष्टा वाटली. शेजारी देओलिंदा होती म्हणून बरं. तिनं चिपाची टोपली तशीच टाकली, मला टॅक्सीत घातलं आणि इमर्जन्सीला नेलं.

देओलिंदा कोण ते सांगते. सव्वीस वर्षं हॉस्पिटलात वॉर्डात मदतनीस होती. पेन्शनीत निघाल्यावर माझ्या शेजारी चिपा विकायला बसली. पण त्याच्या आधीपासूनची ती माझी. माझ्या मिर्नाच्या नामकरणाला पाद्र्यासमोर तिनं मिर्नाला हातावर घेतलं, त्या दिवसापासून ती मला नावानं हाक मारत नाही आणि मी तिला. कोमाद्रे. सख्ख्या बहिणीशी खोटं बोललं तर पाप लागतं, कोमाद्रेशी बोललं तर त्याहून जास्त, असं आई म्हणायची. मिर्ना आता स्पेनमध्ये मालागाला म्हाताऱ्या माणसांची सेवा करते. घरात मी एकटी.

हृदय ठणठणीत निघालं. प्रेशर सतरा-दहा. शेवटची शून्यं आमच्याकडे कुणी उच्चारत नाही. त्यांनी मला आमच्या वस्तीतल्या आरोग्य केंद्रात पाठवलं. तिथली डॉक्टर इन्स्फ्रान माझ्या मिर्नापेक्षाही लहान. तिनं विचारलं, झोप लागते का, भूक लागते का, रडू येतं का. मी म्हटलं, रडायला वेळ कुठे आहे बाई. आणि एवढं म्हटलं नि जी रडायला लागले ती अर्धा तास थांबेचना. बाहेरची रांग शिव्या देत होती.

तिनं प्रेशरची गोळी दिली. दुसरी दिली ती मनाची. उदासी आणि धास्ती, दोन्हीवर. आणि खरं सांगितलं, तेवढं तिचं मानायला हवं. "मावशी, पहिले दोन आठवडे आधीपेक्षा जास्त घाबरल्यासारखं होईल. मळमळेल, हात कापतील, पहाटे जाग येईल. गोळी सोडायची नाही. सहा आठवडे धीर धरा." बरं व्हायच्या आधी बिघडवणारं औषध मी विकलं असतं तर लोकांनी माझंच मुसळ माझ्या टाळक्यात घातलं असतं.

"आणखी एक. ह्या गोळीनं काही जणांचं प्रेशर चढतं," ती म्हणाली. "रोज सकाळी एकदाच मोजायचं. पाच मिनिटं गप्प बसून. तुम्ही स्वतः मोजू नका, तुम्ही आकड्यालाच घाबरता आणि घाबरलात की आकडा चढतो. दुसऱ्या कुणीतरी मोजायचं आणि कागदावर लिहायचं. त्या कागदावर मी तुमची गोळी ठरवणार."

"माझी कोमाद्रे मोजेल. हॉस्पिटलातलीच आहे."

"छान. आणि तुमचा पाला सध्या बंद. कशात काय मिसळतंय ते मला कळत नाही."

पालेवालीचा पाला बंद. ही गोष्ट मी फक्त देओलिंदाला सांगितली. गिऱ्हाइकांना कळलं असतं की प्रेशरवर पाला देणारी बाई स्वतः केंद्रातल्या गोळ्या गिळते, तर आंब्याखाली फक्त आंबे राहिले असते.

पहिला दिवस. सकाळी सहाला देओलिंदा आली, दंडाला पट्टा बांधला, कानाला नळ्या लावल्या, फुगा दाबला. "सोळा-दहा." दुसऱ्या दिवशी सतरा-दहा. मला त्या गोळीनं असं झालं होतं की कातडीच्या आत मुंग्या धावतायत. पाय जमिनीवर ठरत नव्हते. जेवण समोर आलं की उलटी. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सतरा-अकरा." मी उठले, न्हाणीघरात गेले आणि फरशीवर बसले ती दुपारपर्यंत. आईचं तोंड वाकडं झालेलं समोर दिसत होतं. मग उठून गोळ्यांची पट्टी अंगणातल्या गटारात फेकून दिली. देओलिंदानं ती काठीनं बाहेर ओढली, एप्रनला पुसली आणि फळीवर ठेवली.

चौथ्या दिवशी फुगा दाबला, हवा सुटली, मी डोळे मिटूनच विचारलं, "किती?"

"बारा-आठ."

"काय सांगतेस."

"बारा-आठ म्हणतेय ना. प्रेशरची गोळी लागू पडली. ऊठ, कोसिदोचा चहा उकळलाय, पी आणि चिपा खा."

मी दोन चिपा खाल्ल्या. चार दिवसांनी पहिल्यांदा अन्न पोटात राहिलं. तिनं फळीवरचा कागद घेतला, आणि माझ्या डोळ्यांसमोर, सुवाच्य अक्षरात लिहिलं. १२/८.

त्यानंतर रोज तेच. कधी बारा-आठ, कधी बारा-सात, एखाद्या दिवशी तेरा-आठ, म्हणजे मला शंका यायला नको. आता हे आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. तेरा लिहितानासुद्धा तिनं विचार केला असेल. कुठल्या वारी तेरा लिहायचं, हे ठरवलं असेल.

पण तेव्हा, काय सांगू. मुंग्या, कापरं, पहाटेची जाग सगळं होतंच, पण मी स्वतःला म्हणायचे, बारा-आठ आहे, बारा-आठनं कुणी मरत नाही. रात्री अंथरुणावर जप करावा तसं बारा-आठ, बारा-आठ. आणि झोप लागायची. तिसऱ्या आठवड्यात मी एवारिस्तोच्या एका फालतू विनोदावर हसले. माझं मलाच नवल वाटलं.

केंद्रात गेले तर तिथल्या नर्सला सतरा-दहा आलं. मी हसलेच. पिशवीतून कागद काढून डॉक्टरांपुढे ठेवला. डॉक्टरांनी नीट वाचला. "मोजणाऱ्या बाई जाणत्या आहेत ना?"

"सव्वीस वर्षं वॉर्डात होती. तुमचा जन्म झाला तेव्हापासून मोजतेय म्हणा ना."

"मग हे इथं आल्यावर चढतं. पांढऱ्या कोटाची धास्ती. पुष्कळांना असते. घरचे आकडेच खरे धरायचे." तिनं मनाची गोळी दुप्पट केली. जूनमध्ये पुन्हा गेले, पुन्हा नर्सला अठरा आलं, पुन्हा मी कागद पुढे केला. आणि माझी जीभ बघा, नर्सला म्हणाले, "पोरी, तुझं यंत्र एकदा माझ्या कोमाद्रेकडून तपासून घे." डॉक्टरांनी गोळी आणखी वाढवली.

जूनच्या शेवटाला सकाळी मान आणि डोक्याची मागची बाजू ठणकायला लागली. डाव्या डोळ्यात खालच्या अंगाला एक डाग आला, कितीही पुसला तरी जाईना. एखादं गिऱ्हाईक असं सांगत आलं असतं तर मी त्याला पाला न देता सरळ हॉस्पिटलात पिटाळलं असतं. एवढी अक्कल मला आहे. पण माझ्याकडे बारा-आठ होतं. मी म्हटलं, वय झालं, चष्मा लागला असेल.

देओलिंदा त्या दिवसांत वाळत चालली होती. माझ्या सूपातलं मीठ तिनं काढून टाकलं. रोज विचारायची, "डोकं दुखतंय का? हाताला जोर आहे ना? माझा हात दाब बघू." मी दाबायचे. मला वाटायचं, किती जीव लावते ही. मिर्नाला फोनवर सांगितलं, "तू नाहीस पण तुझी मानलेली आई आहे, मला काही कमी नाही." मिर्ना एवढंच म्हणाली, "हो आई."

मग ऑगस्टची एक तारीख आली.

त्या दिवशी आख्खा देश उपाशीपोटी कार्रुलीम पितो. उसाची दारू, त्यात कुटलेला सतापाचा पाला आणि लिंबू. सात घोट. रक्त चांगलं होतं आणि ऑगस्ट अंगाला लागत नाही. शिकलेले पितात, डॉक्टर पितात, बँकेतले साहेब टाय लावून पितात. पालेवालीचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. मी दहा दिवस आधी सताप कुटून बाटल्या मुरत ठेवल्या होत्या. पहाटे साडेचारला देओलिंदानं मोजलं, बारा-आठ म्हणाली, कागदावर लिहिलं, आणि आम्ही दोघींनी हातगाडी ढकलत आंब्याखाली नेली. पाच वाजताच तीस-चाळीस माणसं उभी होती. पहिला एवारिस्तो, बस कडेला लावून.

आमच्या कोपऱ्यावर आईपासूनची रीत आहे. विकणारीनं आधी प्यायचं, सगळ्यांच्या समोर, सात घोट. मग पहिला पेला गिऱ्हाइकाचा. डॉक्टरांनी दारूला नाही म्हटलं होतं. पण सात घोटांत दारू ती किती, आणि ह्या ऑगस्टला न पिता सामोरी जाऊ? मी? मी पेला भरला, सगळ्यांना दाखवला आणि ओठाला लावला.

देओलिंदानं माझं मनगट धरलं.

"नको," ती म्हणाली.

"सोड. लोक बघतायत."

"दुसरं कुणीतरी पिऊ दे. मी पिते तुझ्याऐवजी."

एवारिस्तो हसला. "वा. विकणारीच पीत नाही, मग आम्ही काय मरायला प्यायचं? काय घातलंय मावशी त्यात?"

रांग हसली. मला राग आला. मी हात हिसडला आणि म्हटलं, "बारा-आठवाल्या बाईला सात घोटांनी काय होतंय गं?" आणि पेला पुन्हा वर नेला. तेव्हा तिनं पेला माझ्या हातातून ओढला, दारू माझ्या एप्रनवर सांडली, आणि ती त्या चाळीस माणसांकडे वळून बोलली. माझ्याकडे नाही.

"हिला पाजू नका. आज सकाळी हिचं एकोणीस-अकरा होतं. दारूवर ही इथंच पडेल, हिच्या आईसारखी. हिच्या गोळ्या चालू आहेत."

मग मागून एक बाई म्हणाली, "प्रेशरच्या?"

"दोन्हीच्या," देओलिंदा म्हणाली. एकदा तोंड उघडलं की बाईला थांबता येत नाही. "डोक्याच्यासुद्धा."

एवारिस्तोनं माझ्याकडे पाहिलं. तीन वर्षं मी त्याचं मनगट धरत होते. "मग मला काय पाजत होतीस मावशी?" तो म्हणाला. रागानं नाही. खरंच विचारल्यासारखं. आणि बसकडे गेला. त्याच्या मागे रांग विरळ व्हायला लागली. चौकापलीकडे दुसरी एक पालेवाली बसते, तिकडे गेले सगळे. ऑगस्टची एक तारीख, न पिऊन कुणाला चालतंय?

मी खोक्यावर बसले. छाती धडधडायला लागली होती आणि आता त्या धडधडीला उत्तर द्यायला माझ्याकडे आकडाच नव्हता.

"किती होतं?" मी विचारलं.

"आत्ताच तर सांगितलं."

"आजचं नाही. सगळे दिवस."

ती उखळाच्या पलीकडे उभी राहिली. "सोळा. सतरा. गोळी वाढवल्यावर अठरा. गेल्या आठवड्यापासून एकोणीस."

"आणि बारा-आठ कधी होतं?"

"कधीच नव्हतं."

"एकदाही नाही?"

"नाही."

चार महिने. चार महिने मी त्या दोन आकड्यांवर मान टाकून झोपले होते.

"तू गोळ्या गटारात टाकल्या होत्यास," ती म्हणाली. "आठवतंय? आकडा ऐकला की तुला झटका यायचा. तू गोळ्या सोडल्या असत्यास, नाहीतर जीव दिला असतास, मला दोन्हीची भीती होती. एक दिवस खोटं बोलले. तू जेवलीस. म्हटलं, दोन दिवस बोलू, मग गोळी लागू पडेल आणि आकडा खरंच खाली येईल. तो येईचना."

"आणि कागद? डॉक्टरांचा कागद?"

"कागद तुझ्या फळीवर असायचा. तू दिवसातून दहादा वाचायचीस. मी काय लिहिणार होते? एकदा मी केंद्रात गेले होते डॉक्टरांना सांगायला. खिडकीवरची म्हणाली, पेशंटला घेऊन या. तुला घेऊन काय सांगणार होते?" मग तिनं एप्रनच्या खिशातून फोन काढला. "आणि मी एकटीनं नाही ठरवलं."

तिनं एप्रिलमधला एक रेकॉर्ड केलेला निरोप लावला, आणि फोनमधून मिर्नाचा आवाज आला. माझ्या पोरीचा, मालागाहून. "बरं केलंस. आईला खरं नको सांगूस. ती आकड्यानंच मरेल. मी इथून काय करू शकते सांग? तू सांभाळ तिला. मला खरा आकडा रोज पाठवत जा."

म्हणजे माझं खरं प्रेशर रोज समुद्रापलीकडे जात होतं. ते माहीत नसलेली जगात मी एकटीच.

"चल," देओलिंदा म्हणाली, "आधी केंद्रात जाऊ. भांडण नंतर कर."

"तू माझ्याबरोबर येणार नाहीस."

तेव्हा तिचाही तोल गेला. "एवढा साळसूदपणा करू नकोस. तू काय करतेस एकतीस वर्षं? मनगट धरतेस, डोळे मिटतेस आणि म्हणतेस उतरलंय. कशानं मोजतेस गं? कितीजणांचं खरंच उतरलेलं असतं? मी तेच केलं. तुझ्याकडूनच शिकले."

हे लागलं. लागायचं तिथंच लागलं.

"ते लोक मला कोमाद्रे म्हणत नाहीत," मी म्हणाले, आणि बस पकडली.

डॉक्टर इन्स्फ्राननं मला झोपवलं, "घाबरू नका, जिभेखाली गोळी घालून आकडा एकदम पाडायचा नाही" म्हणाली, दर अर्ध्या तासानं मोजलं. आकडा मला सांगितला, मी मागितला म्हणून. मग तिनं तो कागद पुढ्यात घेतला. एप्रिलपासूनच्या त्या सुवाच्य ओळी ती खूप वेळ बघत राहिली. "ह्याच्यावर मी दोनदा डोस वाढवला," ती म्हणाली. "आमच्या नर्सला बरोबर येत होतं. मी तिचं ऐकायला हवं होतं." बिचारीचे डोळे भरले. तिलाही फसवलं होतं, आणि त्यात माझीही जीभ होती.

डोळ्याच्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरनं दिवा मारून आत बघितलं आणि म्हणाला, आत मागच्या बाजूला रक्त सांडलंय, एका दिवसाचं नाही. थोडं सुकेल. थोडी नजर परत येईल, थोडी येणार नाही. गाडीवरच्या एका जुडीचा हिरवा आणि दुसऱ्या जुडीचा हिरवा मला आता डाव्या डोळ्यानं एकच दिसतो. वासावरून ओळखते.

मनाची गोळी कमी करत आणली, एकदम बंद नाही. प्रेशरची आणखी एक जोडली. मी डॉक्टरांना एक गोष्ट विचारली. "मला मधे झोप लागत होती, हसू येत होतं. ते गोळीनं की बारा-आठनं?"

ती खोटं बोलली नाही. "दोन्हीनं असेल, मावशी. वेगळं करून सांगता येणार नाही."

"मग आता?"

"आता एकट्या गोळीवर निभवायचं."

निभवलं. कसं ते विचारू नका. ऑगस्टचे एकतीस दिवस मी जागून काढले. धाप लागली की भिंतीला पाठ लावून बसायचे आणि डॉक्टरांनी शिकवलं तसं सावकाश श्वास सोडायचे. मोजायचं म्हटलं तर फुग्याची हवा सुटताना जो फुसकन आवाज येतो, त्यानंच माझं काळीज उडायचं. औषधाच्या दुकानातली बाई मोजून छापील चिठ्ठी देते, तिच्याकडे एक दिवसाआड जायला लागले. सोळा. साडेपंधरा. पंधरा. मिर्नाचे फोन मी घेत होते, पण हवापाण्याचंच बोलत होते. ती रडली की म्हणायचे, रडू नकोस, बिल चढतंय.

गिऱ्हाइकं अर्धीच परत आली. मनगटं मी आता धरत नाही. पोटदुखीला पाला देते, सर्दीला देते. प्रेशर म्हणालं कुणी की दुकानाकडे बोट दाखवते.

देओलिंदा रोज यायची. शेजारी टोपली मांडायची, एक चिपा कागदात बांधून माझ्या हातगाडीवर ठेवायची. मी ती समोरच्या कुत्र्याला घालायचे. तिला "देओलिंदाबाई" म्हणायचे. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तिनं तोंडावर हात ठेवला होता. सत्तावीस वर्षांत हे नाव माझ्या तोंडून तिनं ऐकलं नव्हतं.

सप्टेंबरच्या शेवटी एका सकाळी ती टोपलीऐवजी पट्टा घेऊन आली. पाच मिनिटं माझ्याशेजारी नुसती बसली. मग म्हणाली, "एकदा मोजू दे. एकदाच. नंतर पुन्हा विचारणार नाही."

का कोण जाणे, मी बाही वर केली. तिच्या हाताची सवय होती दंडाला, दुसरं काय. तिनं पट्टा बांधला, नळ्या लावल्या, फुगा दाबला. हवा सोडली. पुन्हा दाबला, पुन्हा सोडली. तिच्या गालावरून पाणी खाली आलं.

"बारा-आठ," ती म्हणाली. "मिर्नाची शपथ. कोमाद्रे, बारा-आठ आहे."

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. चार महिने ह्याच तोंडानं, ह्याच आवाजात तिनं हेच सांगितलं होतं. तसूभर फरक नव्हता. मी बाही खाली केली आणि उठले.

औषधाच्या दुकानात त्या बाईनं मोजलं आणि चिठ्ठी फाडून दिली. एकशे चोवीस, ऐंशी. "अभिनंदन, मावशी," ती म्हणाली. "बारा-आठच म्हणायचं."

मी चिठ्ठी घेऊन दारात उभी राहिले. ही गोष्ट मला धावत जाऊन कुणाला तरी सांगायची होती, आणि सांगण्यासारखं माणूस ह्या शहरात एकच होतं. चौकापलीकडे ते आंब्याखाली उभं होतं, पट्टा हातात गुंडाळून, माझ्याच वाटेकडे बघत. ती खरं बोलली होती. मी चिठ्ठी खिशात घातली आणि मागच्या गल्लीनं घरी गेले.